स्विच बंद असताना आलेला फोन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी नेटवर्कचं काम करतो. दिवा लागला नाही तर केबल बघायची, एवढंच आम्हाला ठाऊक. हसायचं असेल तर खुशाल हसा.

कोरेगावजवळच्या एका साखर कारखान्यात मी आहे, नाव सांगत नाही. माझ्याआधी तिथे नाना होते. फौजेत सिग्नलला होते, रिटायर होऊन इथे आले. मला काम त्यांनीच शिकवलं. स्विच म्हणजे सगळ्या कारखान्याचं नेटवर्क ज्यातून जातं तो डबा. त्याचं फर्मवेअर अपग्रेड करताना — म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम नवा भरताना — तो बराच वेळ मेल्यासारखा पडून राहतो. तेव्हा वीज तोडली की तो कायमचा गेला. म्हणून नाना विश्राममध्ये उभे राहायचे. मलाही दटावायचे, "हात मागं बांध रं. हातालाच लय घाई असती."

पुढे मी सांगलीच्या युनिटला बदलून गेलो असताना इथे असंच अपग्रेड चाललं होतं. मॅनेजरसाहेबांना दम निघेना. आपल्याकडे टीव्हीपासून मोटारीपर्यंत सगळ्यावर एकच औषध... बंद करून चालू करा. साहेबांनी स्वतः बटण दाबलं. स्विच गेला, ठपका नानांवर. त्यांना घरी बसवलं, त्यांच्या जागी मला आणलं. पुढच्या उन्हाळ्यात रानात काम करता करता नाना गेले. कारखान्यातून एक माणूस मातीला आला नाही.

यंदा दसऱ्यानंतर तीच वेळ माझ्यावर आली. दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटवायचा होता. भर दुपार, सर्व्हर रूम, रॅकवर खंडेनवमीचा वाळलेला झेंडू. फाईल चढवली, स्विच रीस्टार्ट केला. त्याच्यावरचे सगळे दिवे गेले. वजनकाटा बंद, ऑफिस बंद. साहेब येऊन उभे.

"हँग झालाय तो. बंद करून चालू कर."

"साहेब, आत काम चाललंय. थांबावं लागेल."

"जमत नसेल तर घरी बस. नानाला बसवला तसा."

घरी बायको, पोरं, घराचा हप्ता... मी बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

त्या फोनला वीज त्याच स्विचमधून येते. त्याची स्क्रीन काळीकुट्ट होती. तरी वाजला. मी उचलला.

"हात मागं बांध रं."

एवढंच. आवाज नानांचा, यात मला शंका नाही. मी हात मागे बांधले आणि म्हटलं, "मी बंद करणार नाही. बसवा घरी." साहेब फोनकडे बघत राहिले. काही वेळाने हिरवे दिवे लागत गेले.

संध्याकाळी साहेब म्हणाले, तुझा मोबाईल वाजला असेल. माझा मोबाईल बाहेर चार्जिंगला होता! आणि वर हेड ऑफिसला कळवलं — साहेबांच्या देखरेखीखाली काम सुरळीत पार पडलं. नानांवरचा ठपका आहे तिथेच आहे. या माणसाला रोज नमस्कार घालावा लागतो, त्याची चीड येते.

काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, बरं वाटेल म्हणून रहिमतपूरला गेलो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"आवाज खणखणीत हुता का रं?"

"होय काकू."

त्या परत शेंगा फोडायला लागल्या.

"मी रोज मोबाईल उशाला घिऊन झोपती. एक डाव बी वाजला न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन् फोन केला त्यो कारखान्याला."

बंद फोन कसा वाजला, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलंच, तर मला नका सांगू. रहिमतपूरला जाऊन काकूंना सांगा.