दाजींची चाल आणि आक्काची भाकरी

नाशिकहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन शर्ट होते, चिवडा होता आणि डोक्यात कंपवाताबद्दलचं ताजं, अर्धवट ज्ञान. आक्का, माझी थोरली बहीण, फोनवर म्हणाली होती की दाजी हल्ली पाय घासत चालतात. झालं! हा आजार बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो, असं मी नुकतंच वाचलं होतं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढा पुरावा पुरतो.

भोकरदनहून जीपने आक्काच्या गावी, धावड्याला पोचलो. दोन्हीकडे कपाशी, मधे मी, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. चहा घेतला आणि लगेच दाजींना अंगणात चालवलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. बघता बघता शेजारचे पाच बाप्येही रांगेत बसून बोटं आपटू लागले. एकाने विचारलं, बायकांचं न्हाई का बघत? मी ऐटीत सांगितलं, की बायकांचं इस्ट्रोजन मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींना सांभाळतं असं मानतात. शिवाय पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरही संशय आहे. पाचही जणांनी हळूच खाली पाहिलं.

दाजींनी शांतपणे चप्पल दाखवली. तिचा अंगठा तुटला होता, म्हणून पाय घासत होते.

जेवायला येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी) आणि भाकरी. भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडे कागद. मी थट्टा केली. दाजी म्हणाले, वर्षभर अशीच होऊन राह्यली. पाळी गेल्यावर बायकांचं अंग असंच करतं म्हणत्यात.

मी घास ठेवून चुलीपाशी गेलो. आक्काचा उजवा हात थापत होता. भाकरी फिरवायचा डावा हात काठवटीच्या (लाकडी परातीच्या) कडेला नुसता पडला होता, आणि अंगठा बोटावर आपोआप फिरत होता, वात वळल्यासारखा.

"आक्का, हे कधीपासून?"

"तूच म्हणला ना, बायकांना ते सांभाळतं म्हणून?" तिने पीठ झटकलं. "माजं तर बारा वर्सांखाली आटलं की रे. मंग मला का न्हाई बसवलं रांगेत?"

सकाळी तिला घेऊन संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. कंपवातच निघाला. गोळ्यांनी हात मोकळा होईल, म्हणाले, पण वर्षभर आधी यायला हवं होतं.

परतीच्या बसमध्ये नको ते आठवलं. आदल्या दिवशी अंगणात पोचल्या पोचल्या आक्काने चहा आणला होता, तेव्हा बशीत कप सारखा किणकिणत होता. मी घोट घेतला आणि तिला म्हणालो, साखर कमी आहे.