सोळा हातांची दोरी

दोरीमामा दुसऱ्या संघाच्या मैदानावर पाणी पीत नसत. बेटावरच्या विहिरीचं पाणी एका पिवळ्या कॅनमध्ये भरून ते नावेतून आणत आणि आम्हा अकराही जणांना तेच प्यायला लावत. आमचा स्टॉपर हरी एकदा म्हणाला, "मामाजी, नळाचं पाणी आहे. सारं नागपूर पिते."

"पाण्यात काही नसन गा," मामा म्हणाले, "पण पोटात शंका घेऊन धावता येते का?"

हरी कॅनमधलंच पाणी प्यायला. आम्ही सगळेच प्यायलो.

आमचं बेट म्हणजे कन्हान नदीच्या दोन धारांमधली शंभरेक घरं. मी सात वर्षांचा असताना आई मला घेऊन तिथे माहेरी आली आणि मग गावातला प्रत्येक पुरुष माझा मामा झाला. कुणी मासे धरायचे, कुणी उन्हाळ्यात रेतीत डांगरवाड्या लावून टरबुजं पिकवायचे, काही जण पलीकडे खाणीवर जायचे. एवढ्याशा गावाचा फुटबॉलचा संघ होता आणि तो नागपूरच्या लीगमध्ये सगळ्यात खालच्या गटात खेळायचा. कुणाला त्यातून काही मिळत नसे. पण नाव 'बेट इलेव्हन' होतं आणि नियम एकच होता: सामन्याच्या दिवशी अकराही जण बेटावरून एकाच नावेने निघायचे. लांबच्या पुलावरून परस्पर येणारा माणूस वाटेत कुणाला भेटला असेल ते सांगता येत नाही, असं मामांचं म्हणणं होतं.

मामा स्वतः कधी खेळले नाहीत, पण संघ तेच चालवत. ते डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, बांधायचे. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि डोळे सतत बारीक केलेले. बेटावरचा प्रत्येक डोंगा त्यांच्या हाताच्या मापाने बांधलेला होता, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या हाताच्या. टेप ते वापरत नसत. "टेप दुकानातून येते. दुकानदार कोणाचा आहे, तुले माहीत आहे?" असं विचारत.

फुटबॉलचा गोल चोवीस फुटांचा, म्हणजे सोळा हात. मामांनी आपल्या हाताने सोळा हात मोजून बेटावरचे दोन्ही गोल उभे केले होते आणि एका लांब दोरीला त्याच मापावर गाठ मारली होती. कुठेही सामना असला की आधी मामा ही दोरी घेऊन गोलात शिरत. दोरीचं टोक हरीकडे, गाठ त्यांच्याकडे. दर वेळी एकच व्हायचं. गाठ दुसऱ्या खांबापर्यंत पोचायची नाही.

"हातभर मोठा आहे," मामा पंचांना सांगत.

पंच हसत. समोरचे खेळाडू हसत. पुढे पुढे आम्हीही हसायला लागलो. मामा चेंडूला कान लावून ऐकत, नाणेफेकीचं नाणं दोन्ही बाजूंनी पाहत, पंच समोरच्या कप्तानाशी दोन शब्द बोलला तर काय बोलला ते त्या कप्तानालाच जाऊन विचारत. अशा माणसाचा प्रत्येक गोल मोठा निघणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी गोलकीपर होतो. तसा मी पुस्तकं वाचणारा, कमी बोलणारा मुलगा. पण गोलात एकट्याने उभं राहणं मला जमायचं. मला घडवलं मामांनीच. रोज संध्याकाळी ते माझ्या डाव्या-उजव्या बाजूला चेंडू फेकत आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूला हात लावला तर रागावत. "जाणाऱ्याले जाऊ दे गा भाचा. उगाच हात लावशीन तर कॉर्नर देशीन." कुठला चेंडू आत येणार आणि कुठला बाहेर जाणार, हे मला खांबाकडे न बघता कळू लागलं.

पुढे कॉलेजसाठी मी नागपूरच्या सदर भागात खोली घेऊन राहू लागलो. सामन्याच्या आदल्या दिवशी बेटावर जात असे, नावेचा नियम पाळत असे. तरी मामांची नजर बदलली. "सदरले कोणासोबत राहून राहिला?" असं ते विचारत. मी नावं सांगितली की ती पुन्हा एकदा म्हणून बघत.

वरच्या गटात जायला एकच सामना जिंकायचा होता, तोही सदरच्याच एका मैदानावर. बेट इलेव्हन तिथवर कधी पोचली नव्हती. अर्धं बेट सामना बघायला आलं होतं. मामांनी दोरी लावली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाचा, हाही हातभर मोठा आहे. डाव्या अंगाले ध्यान ठेवजो." मी मान हलवली. ऐकलं नाही.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती, गोल कुणाचाच नव्हता. त्यांच्या एका पोराने लांबून साधा, जमिनीलगतचा चेंडू मारला. तो माझ्या डावीकडे गेला. मी झेपावलो आणि अर्ध्या वाटेत मला कळलं की चेंडू बाहेर जातो आहे. मी हात मागे घेतला. चेंडू खांबाच्या आतून, सावकाश, जाळीत गेला. त्याआधीही माझ्याकडून असे दोन-तीन गोल गेले होते, पण ते जोरात आलेले होते, कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. हा सगळ्यांनी पाहिला.

आम्ही नावेने परतलो. बेटाचा काठ जवळ आल्यावर मामांनी विचारलं, "हात काहून मागं घेतला गा?"

"बाहेर जाईल असं वाटलं, मामाजी."

"तुले वाटलं, का कोणी सांगतलं?"

मी उत्तर दिलं नाही. आज वाटतं, द्यायला हवं होतं. गप्प राहिलेला माणूस मामांच्या हिशेबी कबूल झालेला असे. मी पुन्हा बेटासाठी खेळलो नाही. तिथेच वाढलो असलो तरी मी मुळात बाहेरून आलेला होतो, हे त्या दिवसानंतर गावाने न बोलता मला कळवलं. त्यामागे मामा असणार, असा मला संशय होता. तो मी वीसेक वर्षं जपला.

मी नागपूरला ग्रंथपाल झालो. आईला भेटायला, आणि ती गेल्यावर तिच्या घराची डागडुजी करायला बेटावर जायचो. मामा भेटत. "काय म्हणते सदर?" एवढंच विचारत. एका हिवाळ्यात मी त्यांना मफलर नेला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, हुंगला आणि खुंटीला टांगला. गळ्यात कधी दिसला नाही.

मागच्या वर्षी मात्र वेगळं घडलं. मी नावेत बसायला निघालो होतो, तेव्हा मामा काठावर आले. खूप थकले होते. गळ्यात तो मफलर होता, आणि उन्हाळा होता. म्हणाले, "भाचा, मैदानावर चाल ना. गोलात उभा राहून पाह्य एकदा."

मैदानावर तेव्हा संघाचा सराव चालू होता. आता चाळिशी उलटलेल्या मला त्या पोरांसमोर उभं करून मामा तोच जुना गोल काढणार, असं मला वाटलं. मी म्हणालो, "बस चुकेल, मामाजी."

"बरं," ते म्हणाले आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

या वर्षी ते गेले. पलीकडच्या घाटावर त्यांना नेलं, तेव्हा संघातले अकराही जण एकाच नावेत बसले. मी मागच्या नावेत होतो. तिसऱ्या दिवशी हरीबरोबर मैदानावर गेलो. हरी आता नाव चालवतो. गोलाजवळ गेल्यावर मला दिसलं की वरच्या आडव्या बल्लीला एका टोकाला वेगळ्या लाकडाचा तुकडा जोडला आहे. डोंग्याला जोडतात तसा, खाच पाडून, सफाईने. खांबाच्या आतल्या बाजूला जमिनीत एक बुजवलेला खड्डा होता. दुसऱ्या गोलालाही तसंच.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मामानंच. दोन वर्षं झाले. लीगवाले मैदान मोजाले आले होते. म्हणे, तुमचा गोल लहान आहे. मामानं त्यायची टेप खोटी ठरवली. मग कामठीहून सोताची टेप आणली, थेही खोटी ठरवली. मग तिसरी आणली." हरी थोडा हसला. "मामाचा हात आखूड होता ना गा. दर हाताले एक इंच कमी. सोळा हाताले किती झालं, पाह्य तूच."

मी मनात मोजलं: सोळा इंच, जवळजवळ हातभर. बेटावरच्या गोलात मी बाहेर जाणारा चेंडू ओळखायला शिकलो होतो. सदरच्या गोलात तोच चेंडू आत होता.

"माझ्याबद्दल काही बोलले?"

"नाही. दोन महिने कोणासोबतच बोलले नाही. मग एकट्यानं खांब उपटले. आमाले हात लावू नाही देल्ला."

मामांच्या पडवीत दोरी खुंटीला होती. मी ती ताणून पाहिली. जुनी गाठ तशीच होती, हाताळून काळी पडलेली. तिच्या पुढे हातभर अंतरावर नवी गाठ होती. जुनी सोडून नवी मारता आली असती. त्यांनी दोन्ही ठेवल्या होत्या.

संध्याकाळी मी एकटाच मैदानावर गेलो आणि गोलात उभा राहिलो. डावीकडे बुजवलेला खड्डा होता आणि त्याच्या पलीकडे, हातभर लांब, खांब. मागच्या वर्षी काठावर मामा हेच दाखवायला बोलावत होते. मी तेव्हाही हात मागे घेतला.