खंडेनवमीची बॅट

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मला आजवर एकही गोलंदाज बाद करू शकलेला नाही. ही बढाई नव्हे. साखर पेठेत कुणालाही विचारा. (आमच्या वडिलांना मात्र विचारू नका. अण्णा पुढचंही सांगतात.)

त्या वर्षी विलायतेहून आलेला गोऱ्यांचा एक संघ हिंदुस्थानभर खेळत फिरत होता आणि वाटेत एक दिवस सोलापूरला उतरणार होता. सामना आमच्या पेठेच्या संघाशी ठरला. संघाचा कप्तान मी, चिटणीस मी आणि त्यातल्या त्यात बरा फलंदाजही मीच! इथे जो चमकेल त्याला मुंबईला मोठ्या निवडीसाठी पाठवतो, असं कलेक्टर कचेरीतल्या साहेबानं कबूल केलं होतं. मुंबईहून पुढे थेट बोट आणि विलायत! साहेबानं तारीख सुचवली, मी बोटीच्या धुंदीत "येस सर" म्हणून मोकळा झालो. पंचांग बघायचं सुचलंच नाही. लग्नाला पंचांग बघतात, क्रिकेटला कोण बघतो?

अण्णा हातमागावर लुगडी विणायचे आणि माझ्या बॅटीला फळकूट म्हणायचे. पण विलायतेचं नाव ऐकल्यापासून ते जरा विरघळले होते. सामन्याच्या दिवशी सकाळी मी पांढरी विजार चढवून बाहेरच्या खोलीत आलो, तर माग झेंडूनं मढलेला, खाली धोटा, कात्री, आईची विळी, सगळं ओळीनं मांडलेलं आणि मधोमध माझी बॅट! तिला हळद, कुंकू, माळ, पुढ्यात नारळ. खंडेनवमी होती.

"इतकी वर्सं फळकूट म्हणालो, चुकलं माजं," अण्णा म्हणाले. "आजपास्नं ते तुजं हत्यार. मागाच्या मांडीला मांडी लावून बसवलंय बग."

मला अगदी भरून आलं. डोळे पुसले, नमस्कार केला आणि बॅट उचलायला वाकलो. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"पुजलेलं हत्यार दसऱ्यापतुर उचलत न्हाईत. माजा माग बंद हाय, आन् तुजं हत्यार चालू?"

विणकराच्या घरात यावर अपील नसतं. आईकडे पाहिलं, तर ती विळी पूजेत गेल्यामुळे भाजी हातानंच मोडत बसली होती. तरी मी फार घाबरलो नाही. संघाकडे आणखी दोन बॅटी होत्या.

मैदानावर आमचा यष्टिरक्षक व्यंकय्या हात हलवत आला. त्याच्या अम्मानं बॅट त्यांच्या मागापुढे मांडली होती. तिसरी बॅट गिरणीतल्या महादूकडे असायची. त्यानं ती आपल्या साच्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, पायाशी ठेवून वर लिंबू ठेवलं होतं. अशा स्थितीत मी नाणेफेक जिंकलो आणि सवयीनं बोलून गेलो, "आम्ही फलंदाजी करणार."

गोऱ्यांच्या कप्तानाला सगळी हकिगत सांगितली. तो पोट धरून हसला आणि त्यानं आपली स्वतःची कोरी करकरीत बॅट माझ्या हाती दिली. काय तिचं वजन, काय ती मूठ! मला तर समोर बोटच दिसायला लागली. मी खेळपट्टीकडे निघणार, एवढ्यात मैदानाच्या कडेनं अण्णा लगबगीनं येताना दिसले. पोराला रिकाम्या हातानं पाठवलं म्हणून त्यांचा जीव घरात लागेना. निदान मैदान तरी पुजावं म्हणून हातात पूजेचं ताट होतं. माझ्या हातातली बॅट कुणाची ते व्यंकय्यानं त्यांना सांगितलं.

"सायबानं स्वताचं हत्यार दिलं," ते कळवळून म्हणाले, "आन् तू आजच्या दिवशी ते बिनपुजेचं चालवतूस?"

त्यांनी बॅट घेतली, गवतावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल घातलं आणि रोलरवर नारळ फोडला. गोऱ्यांचा कप्तान इतका खूश झाला की त्यानं टोपी काढली आणि आपल्या संघाच्या सगळ्या बॅटी आणून शेजारी मांडल्या. अण्णांनी मोठ्या मनानं सगळ्यांची पूजा केली. खोबरं वाटून झालं. मग अण्णा उठले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी व्यंकय्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्याच डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"अण्णा, आता?"

अण्णांनी बॅटींच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. "आता उद्या," ते म्हणाले.

फलंदाजी मी गोऱ्यांनाच सोडली. त्यांना खंडेनवमीचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी कुंकवासकट बॅटी उचलल्या आणि सूर्य मावळेपर्यंत आम्हाला झोडपलं. (चेंडूची पूजा करायचं कुणालाच सुचलं नाही, नाहीतर तेवढं तरी वाचलं असतं!) कप्तानानं शतक ठोकलं तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या अण्णांनी वाजवल्या. "पावली की माजी पूजा," असं ते येईल त्याला सांगत होते.

दसऱ्याला अण्णांनी स्वतः बॅट काढून आपट्याच्या पानासकट माझ्या हातात दिली. "घे. आता खेळ बिनघोर."

तोवर गोऱ्यांची आगगाडी होटगी स्टेशन ओलांडून गेली होती. बॅट मागाशेजारच्या खुंटीला लागली ती लागलीच. तिला दर वर्षी हळदकुंकू मिळतं आणि मला त्या दिवशी गोडाचं जेवण. आम्ही दोघंही अजून नाबाद आहोत.