बेंडाला गोडं पाणी

सत्तरच्या दशकात मी भिवंडीत लूमचा फिटर होतो, आणि आपल्याला सगळ्या मशिनांतलं कळतं असा माझा समज होता. आम्हा लूमवाल्यांचं औषध एकच, सुताचं वेस्ट, म्हणजे टाकाऊ सुताचा गुंता. तेल गळलं, कोंब वेस्ट. हात काळे झाले, पूस वेस्टनं.

माझी थोरली बहीण खाडीकाठच्या गावात दिलेली. दाजींची रेतीची होडी होती, तिला डिझेल इंजिन. ते गार ठेवायला खाडीचंच पाणी आत ओढलं जाई आणि धुराबरोबर एका लोखंडी बेंडातून, म्हणजे धुराच्या नळीच्या वाकड्या तुकड्यातून, बाहेर पडे. खाऱ्या पाण्यानं ते बेंड वर्षभरात सडलं. दाजींनी नवं बसवलं आणि मला सल्ला विचारला. मी ऐटीत सांगितलं, संध्याकाळी इंजिन बंद केलं की धुराच्या नळीत वेस्टचा बोळा कोंबा, लाटेचं पाणी आत शिरणार नाही.

दुसरं बेंड पाच महिन्यांतच गेलं. उघडलं तर बोळा ओलाकच्च. बाहेरचं पाणी अडलं असेल, पण आतलं खारं पाणीही त्यानं धरून ठेवलं होतं. लोखंडाचे पापुद्रे हातात आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी रागावले नाहीत. तिसरं गेलं तर होडी विकून तुझ्या लूमवर ड्युटीला येतो, एवढंच म्हणाले. जन्म उघड्या खाडीवर काढलेला माणूस त्या खडखडाटात कसा जगणार, हेच माझ्या मनात घोळत राहिलं.

तिसरं बेंड बसवून आम्ही घरी आलो. खाडीवरून आलेल्यानं गोड्या पाण्यानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा तिथला रिवाज. मिठानं पाय फुटतात. बहिणीनं माझ्या पायांवर तांब्या ओतला आणि म्हणाली, "तुमचं पाय रोज धुवाचं, नि त्या इंजिनाला कोनी इचारत न्हाय?"

मी एका पायावर तसाच उभा राहिलो. एवढी साधी गोष्ट आणि फिटर मी.

दुसऱ्या दिवशीपासून काम संपलं की पाणी ओढणारी नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडायची, पिंप रिकामं होईतो इंजिन चालवायचं, मग बेंडात उरलेलं पाणी काढून टाकायचं. बोळा बंद.

वर्षानंतर मी बेंड उघडलं आणि हातोडीनं ठोकलं. खणखणीत वाजलं. "तुझ्या लूमला दुसरा मानूस बघ," दाजी म्हणाले. मी हसलो, आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात बहीण हंडे घेऊन विहिरीकडे निघाली. ते पिंप वर्षभर तिनं एकटीनं भरलं होतं. त्या गावात बाप्ये हंडा उचलत नसत. मी तिच्या हातातला एक हंडा घेतला. विहिरीवरच्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. मी हंडा भरला आणि खांद्यावर घेतला.