मयताच्या नंबरवरचा डॉक्टर

या प्रकरणाला इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही उतरलेला नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कळवण बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

एका सकाळी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई आल्या. दार लोटून म्हणाल्या, "साहेब, बाजारपेठेतला तो डॉक्टर डॉक्टरच नाही. मनमाडला मी ज्या डॉक्टरांच्या हाताखाली होते, त्यांचा हा कंपाउंडर. डॉक्टर वारले, आणि हा त्यांचाच नोंदणी नंबर लावून बसलाय."

आदल्या आठवड्यात त्याने एका शेतकरी बाईला तापासाठी दंडात सुई टोचली होती. हात काळा पडला. नाशिकच्या सिव्हिलमध्ये तो कोपरापासून कापावा लागला. पदरात सहा महिन्यांची मुलगी. मी जबाब घ्यायला गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझा हात तर गेला. आता त्याला दुसऱ्या कोनाला सुई टोचू देऊ नका, साहेब."

वैद्यकीय परिषदेला पत्र टाकलं. उत्तर आलं: सदर नंबरचे डॉक्टर मयत आहेत. पंच घेऊन दवाखान्यावर गेलो, तर पाटी गायब, शिक्का गायब, भिंतीवर सर्टिफिकेटच्या फ्रेमचा नुसता खिळा. आमच्यातल्याच कोणीतरी त्याला आधी सांगितलं होतं. कोणी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कळलं असतं तर त्याची वर्दी उतरवली असती.

चौकशीत तो पाय पसरून बसला. "मी साधा कंपाउंडर, साहेब. लोक मायेनं डॉक्टर म्हणतात. मी कुठं लिहून दिलंय? एक कागद दाखवा."

अॅलोपॅथी असो की आयुर्वेद, त्याच्याकडे कसलीच पदवी नव्हती. पण कागद कुठून आणायचा? गोळ्या तो पुडीत बांधून द्यायचा, चिठ्ठी कधीच नाही. गावकरी जबाबाला तयार नव्हते. "लय गुनी मानूस हाय, बोलावलं का येतो," असं म्हणून उलट माझ्याकडेच रागाने बघायचे.

तिसऱ्या दिवशी माझा रायटर, मुरलेला हवालदार, मान खाली घालून समोर उभा राहिला. हातात ठाण्याची सिक रजेची फाइल.

"साहेब, कागद हायेत. आपल्याकडंच."

उघडली. कोणाची काढणी, कोणाची जत्रा, कोणाच्या मेहुणीचं लग्न. ज्याला रजा मिळत नसे तो त्या डॉक्टरकडून आजारपणाचा दाखला आणून सिक करायचा. प्रत्येक दाखल्यावर शिक्का, मयताचा नंबर आणि याची ठळक सही. आणि चौथ्या पानावर माझं नाव. भाचीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस. दाखला रायटरनेच आणला होता, मी न वाचता फाइलला लावला होता.

मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "वेडे झालात का? खात्याची अब्रू जाईल. दुसरा पुरावा शोधा." दुसरा पुरावा नव्हता. मी पंचनामा करून अख्खी फाइल जप्त केली, माझ्या पानासकट. ठाण्यात महिनाभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलांनी मला पिंजऱ्यात गाठलं. "या तारखेला आपल्याला हिवताप होता?"

"नव्हता."

"म्हणजे आपण खात्याला खोटा दाखला दिलात?"

"हो."

माझी पगारवाढ रोखली गेली. त्याला शिक्षा झाली. गेलेल्या हाताच्या मानाने फार थोडी होती. तेव्हाही संतापलो होतो, आजही संतापतो.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर ती बाई भेटली. मुलगी एका हाताने कडेवर सावरलेली. मला वाटलं, आभार मानेल. तिने विचारलं, "साहेब, तो खोटा हाय हे तुमाला आधीपासून ठावं होतं का?"

"नाही, बाई. तो डॉक्टर नाही हे माहीत नव्हतं."

"मंग तुमच्या नावाचा त्यो कागद?"

कागद खोटा आहे हे मला माहीत होतं. न तपासता, न बघता आजार लिहून देणारा माणूस कसला डॉक्टर असेल, हा प्रश्न अख्ख्या ठाण्यात एकालाही पडला नाही, कारण तो माणूस आमच्या सोयीचा होता. तिच्या आधी आम्हीच त्याला डॉक्टर केलं होतं. नोकरीत मी पुष्कळ जणांकडून कबुलीजबाब घेतले. हा माझा, आणि तो मी तिला तिथे पायऱ्यांवर देऊ शकलो नाही.