वाडग्यातली शेवटची मेंढी

डार्लिंग नदीच्या काठच्या लोकर कातरायच्या शेडांमधून क्लॅरी ट्रेगोनिंगचं नाव एके काळी चांगलंच गाजत होतं. मेंढीची लोकर उतरवावी तर क्लॅरीनेच, असं लोक म्हणत. हंगामामागून हंगाम शेडमधला पहिला नंबर त्याचा. त्याच्या शेजारी कातरायला उभा असायचा नेव्ह हार्टविग. अंगाने दांडगा, कामाला संथ आणि बोलायला त्याहून संथ. दोघं एकाच ट्रकमधून हिंडायचे, एकाच खोलीत पथाऱ्या टाकायचे आणि दोघांचं वाडगंही एकच असायचं.

वाडगं एक असणं ही काही साधी गोष्ट नाही. दोन कातरणाऱ्यांमागे मेंढ्यांचं एक लहान वाडगं असतं. हातातली मेंढी मोकळी झाली की आत जायचं आणि दुसरी ओढून आणायची. सोपी दिसेल ती आधी उचलायची, हे सगळेच करतात. मग शेवटी एकटी उरते ती सगळ्यांत खट. कातडीला घड्यांवर घड्या, लोकरीत वाळू आणि गोखरू, वर लाथा झाडायची हौस. ती एकटी उरली असताना ज्याचा हात मोकळा होईल त्याने ती मुकाट्याने घ्यायची. ती गेल्याशिवाय वाडगं पुन्हा भरत नाहीत. तिच्यापायी कातरायच्या यंत्राची फणी बोथटते, कंबरेचा काटा ढिला होतो आणि तेवढ्यात शेजारचा पुढे निघून जातो.

क्लॅरीच्या वाट्याला ती क्वचितच यायची. तो हे आपलं नशीब समजायचा. मान वर करून बघावं तर नेव्ह त्या मेंढीला छातीशी धरून फरफटत आणत असायचा. एरवी बघावं तर यंत्राला तेल घालत उभा.

"नेव्ह, तेल घालतोयस की अंघोळ घालतोयस त्याला?" क्लॅरी ओरडायचा.

"तहानलंय बिचारं," नेव्ह म्हणायचा. शेडभर हशा पिकायचा.

मेंढ्या भिजल्या की काम बंद. अशा दिवशी क्लॅरी सगळ्यांना कादंबरी वाचून दाखवायचा. कादंबरी एकच, फार जुनी, पुठ्ठा गेलेली. हरलेल्या सैन्यातले दोन शिपाई बर्फातून घराकडे निघालेत, एवढीच गोष्ट. रात्री पाळीपाळीने पहारा करायचा. पण थोरला शिपाई धाकट्याला मुद्दाम उशिरा उठवायचा आणि त्याची अर्धी पाळी आपणच करायचा. धाकटा सकाळी ताजातवाना होऊन आपल्या दमाची फुशारकी मारायचा.

"हा धाकटा ठार आंधळा आहे," क्लॅरी एकदा चिडून म्हणाला. "चांदण्या कुठल्या कुठे सरकल्या, तेही दिसत नाही लेकाला?"

"झोपलेल्याला काय दिसणार? वाच पुढे," नेव्ह म्हणाला.

"पण थोरल्याने तरी सांगावं ना!"

"सांगितल्यावर तो झोपेल होय?"

पुढचं वाचायला शेवटची पानंच नव्हती. आचाऱ्याने ती चुलीत घातली असा सगळ्यांचा संशय होता. आचारी म्हणायचा, "तुमचं वाचन ऐकून ती आपणहून पळाली."

एका हंगामाच्या शेवटच्या दिवशी मुकादम क्विल्टी क्लॅरीला बाजूला घेऊन गेला.

"पुढच्या साली मोठी शेड घेतोय. माणसं वेगाची हवीत. हार्टविग मागे पडतो. तू त्याचा जोडीदार, तूच सांग, ठेवू का त्याला?"

समोर नेव्ह दोघांच्याही वळकट्या ट्रकमध्ये चढवत होता.

"माणूस चांगला आहे," क्लॅरी म्हणाला.

"चांगला आहे का, हे विचारलं नाही मी. वेगाचा आहे का?"

"ते तुम्ही रोज बघताच की."

एवढंच बोलला तो. पण तेवढं पुरलं. मुकादमाने सांगितल्यावर नेव्ह "बरं" म्हणाला. त्याने आपली वळकटी पुन्हा खाली उतरवली आणि तेलाची बुधली क्लॅरीच्या हातात ठेवली.

"तुला ठेव. मला आता लागायची नाही."

मोठ्या शेडमध्ये क्लॅरीचा नवा जोडीदार होता रॉय स्क्रिमजर, चुणचुणीत गडी. पहिल्याच सकाळी शेवटची मेंढी क्लॅरीच्या गळ्यात पडली. वाडगं भरलं, पुन्हा तीच गत. दुपारीही तेच.

"काय रे, दरवेळी मीच?" क्लॅरी म्हणाला.

"मग? तुझे लाड पुरवायला तुझ्या आईने पाठवलंय का मला?"

लोक हसले. क्लॅरी त्या घड्यांच्या मेंढीवर वाकला आणि तिथेच थबकला. वाडग्यात दोन उरल्या, की नेव्हच्या यंत्राला तहान लागायची. नेमकी तेव्हाच. दोघींतली बरी मेंढी क्लॅरी घेऊन जाईपर्यंत ती भागायची नाही.

त्या साली पहिला नंबर रॉयचा आला. क्लॅरीचा पुन्हा कधीच आला नाही.

तहानेचं ते कोडं उलगडलं त्याच आठवड्यात त्याने ट्रक काढून नेव्हकडे जायला हवं होतं. पण हरलेल्या तोंडाने कसं जायचं, असं त्याला वाटलं. हंगाम संपल्यावर जाऊ, म्हणाला. मग इतका उशीर झाला, की त्या उशिराचीच लाज वाटायला लागली. नेव्ह कुंपणाच्या कामावर लागल्याचं कळलं, नंतर कंबर पार गेल्याचं, मग ब्रोकन हिलला बहिणीकडे असल्याचं. तोवर क्लॅरीचे केस पांढरे झाले. नेव्हची छाती भरत आलीय, फार दिवस काढणार नाही, असं कानावर आलं, तेव्हा कुठे तो बुधली खिशात घालून निघाला.

नेव्ह व्हरांड्यात खुर्चीत होता. एवढा दांडगा माणूस, पण खुर्ची भरत नव्हती.

"आलास? मला वाटलं, ट्रक बंद पडला वाटेत."

क्लॅरी हसला नाही. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "नेव्ह, तुला काढायच्या आधी क्विल्टीने मला विचारलं होतं. तेव्हा मी..."

"त्याला मीच सांगितलं होतं," नेव्ह मध्येच म्हणाला. "कंबर धरते, मला मोकळं कर म्हणून. तुझा काय संबंध? बस खाली."

नेव्हला खोटं कधी नीट जमायचं नाही. बोलताना त्याने नजर रस्त्याकडे वळवली होती. नाही, दोष माझाच, एवढं म्हणायचं राहिलं होतं. क्लॅरीने तोंड उघडलंही. तेवढ्यात बहिणीने चहा आणला.

"घे, गार होईल," नेव्ह म्हणाला.

क्लॅरीने चहा घेतला. मग बोलणं पावसावर गेलं, लोकरीच्या भावावर गेलं. क्लॅरी जायला उठला तेव्हा नेव्ह म्हणाला, "त्या धाकट्या शिपायाला कळलं का रे शेवटी?"

"पानंच नव्हती ना."

"हो, खरंच की." नेव्हने डोळे मिटले.

ट्रकपाशी आल्यावर खिशातली बुधली मांडीला लागली. क्लॅरी फाटकापर्यंत परत गेला. व्हरांड्यात नेव्हला झोप लागली होती, तोंड किंचित उघडं. हाक मारून राहिलेलं सांगून टाकायला हवं, हे क्लॅरीला कळत होतं. बराच वेळ तो फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला. मग कडी न वाजवताच मागे फिरला.