दिवसा लागलेले दिवे

शेजारच्या कोकिलाबेन दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले. फोन त्यांच्याच घरी. "भाभी, मिलमांथी फोन छे," एवढंच म्हणाल्या. पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये हे डाइंग मास्तर, रंगाचं सगळं ह्यांच्याकडे. ताग्याचा रंग बघता बघता खुर्चीत टेकले आणि संपलं सगळं... आता दीड महिना होत आला. माणसं येतात, चहा होतो, तेच तेच सांगून मी थकून गेलेय. कुणी विचारत नाही ते आज लिहिते.

आमची जुनी, राखाडी मोटार. एकदा नवसारीहून परतताना भर दुपारी, धुळीतून एक ट्रक ओव्हरटेक करत थेट अंगावर आला. हे चुकवायला गेले आणि गाडी डाव्या अंगाने झाडावर आदळली. माझा हात कोपरात मोडला तो कायमचा वाकडा राहिला. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही, तेच त्यांना खात राहिलं. ट्रकवाला रडकुंडीला येऊन म्हणत होता, "बेन, गाडी देखाई ज नहीं!" गाडी दिसलीच नाही, हे वाक्य ह्यांनी कधी सोडलंच नाही. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा मी म्हटलं, "मग हिला लाल रंग द्या." तर म्हणतात, "अगं, धुळीत लालसुद्धा मातीच होतो. रंगाचं मला नको शिकवू."

मग एका रविवारी बॉनेट उघडून बसले. तेव्हापासून इंजिनाची किल्ली फिरवली की पुढचे दोन्ही दिवे आपोआप लागायचे, किल्ली काढली की बंद. एकामागे एक असे एकाच वायरीवर जोडलेले; वीज दोघांत वाटली जाते, म्हणून मंद जळतात आणि बॅटरीला जड जात नाही.

"पण भर उन्हात दिव्याने रस्ता काय दिसायचाय?"

"रस्ता दिसायला नाहीत गं, आपण दिसायला आहेत."

झालं! दिवसा कुणाचा दिवा लागलेला दिसला की आपले लोक पाची बोटांची उघडझाप करून सांगणारच. सायकलवाले, रिक्षावाले, नाक्यावरचा पोलीस, एकदा तर घोड्यावरचा नवरदेव! आणि हे प्रत्येकाला हात वर करून सलाम ठोकायचे. मी लाजेने अर्धी व्हायची. "अहो, मुद्दाम लावलेत म्हणून एकदा तरी सांगा. वेडे समजतात लोक!" वर्षानुवर्षं हेच भांडण. एकदा शांतपणे म्हणाले, "त्यांनी आपल्याला पाहिलं ना? मग झालं तर."

त्या दिवसापुरतं मला ते पटलं. पुढे पुन्हा भांडले, ते वेगळं.

परवा धाकटे दीर आले. बॉनेट उघडून म्हणाले, "वहिनी, ही वायर तोडून टाकतो. फुकट बॅटरी खाते."

"भाऊजी, हात लावाल तर याद राखा!"

बिचारे बॉनेट मिटून गाडीत बसले आणि मला बँकेत घेऊन निघाले. तापीच्या पुलावर समोरून एक दूधवाला सायकलवरून येत होता. लांबूनच त्याची बोटं उघडझाप करायला लागली. भाऊजींचं लक्ष गियरमध्ये. मी वाकडा हात जेवढा वर जातो तेवढा वर केला...

"पाहिलं हो त्याने आपल्याला," मी म्हटलं.

भाऊजींना वाटलं, मी त्यांच्याशीच बोलतेय.